नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळाशी

‘मेंदूखाली गाठ आहे, ऑपरेशन नाकातून करू,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोन सूर निघतात. एक भीतीचा. नाकातून मेंदूपर्यंत जाणार म्हणजे माणूस वाचेल का, डोळे जातील का, डोके ठिकाणावर राहील का? दुसरा सूर बेफिकिरीचा. डोके उघडणार नाहीत, टाका दिसणार नाही, मग हे सर्दीच्या ऑपरेशनसारखेच किरकोळ! आम्हाला वाटते, दोन्ही सूर एकाच कारणातून येतात. नाक आणि मेंदू यांच्या मध्ये नेमके काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. हा लेख त्या मधल्या जागेविषयी आहे. ती जागा समजली की भीती कमी होते, बेफिकिरी जाते आणि ऑपरेशननंतर घरच्यांनी कोणती काळजी का घ्यायची हेही उमगते.

नाकाचे छत, मेंदूची जमीन

कवटीचा वरचा घुमट जाड हाडाचा असतो. पण कवटीला तळही असतो आणि मेंदू त्या तळावर टेकलेला असतो. पुढच्या बाजूला हा तळ म्हणजेच आपल्या नाकाचे छत. खालच्या मजल्याचे छत तीच वरच्या मजल्याची जमीन, तसे.

दोन डोळ्यांच्या मधोमध हे हाड चाळणीसारखे भोकाभोकांचे असते. वासाच्या बारीक नसा त्या भोकांतून खाली नाकात उतरतात. अत्तराचा फाया नाकाशी नेला की सुगंधाची खबर याच चाळणीतून मेंदूकडे जाते. ही चाळणी प्रत्येकात सारख्या खोलीवर नसते. कोणात ती शेजारच्या छतापेक्षा १ ते ३ मिलिमीटर खाली असते, तर कोणात ८ ते १६ मिलिमीटर. जितकी खोल, तितकी तिच्या कडेची अगदी पातळ हाडाची भिंत उंच आणि तितका धोका जास्त. म्हणजे एकच हत्यार एकाच्या नाकात निर्धोक आणि दुसऱ्याच्या नाकात घातक ठरू शकते.

या भिंती किती जवळजवळ आहेत, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार आला. विशेषतः साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत ती बुरशी नाकात शिरून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि काहींच्या मेंदूत पोहोचली. तेव्हाही डॉक्टरांनी अनेकांची सडलेली ऊती नाकातून दुर्बीण घालूनच साफ केली होती.

तुर्की खोगीर आणि त्यावरचा चणा

नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या साधारण मध्यावर एक पोकळ हाड आहे. त्याच्या पोकळीला स्फेनॉइड सायनस म्हणतात. या पोकळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर हाडाची एक बैठक आहे. मागची बाजू उंच, मध्ये खोलगट. शरीररचना लिहिणाऱ्या युरोपीय वैद्यांना ती तुर्कांच्या घोड्यावरच्या खोगीरासारखी दिसली, म्हणून लॅटिनमध्ये तिचे नाव ‘तुर्की खोगीर’ असे पडले आणि आजही जगभरचे डॉक्टर तेच नाव वापरतात.

त्या खोगीरात चण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला पीयूषिका म्हणून वाचले आहे. शरीराची वाढ, बाईची पाळी, बाळासाठीचे दूध, थायरॉइडचे काम, आजारपणात तग धरण्यासाठी लागणारे कॉर्टिसॉल, लघवीवाटे किती पाणी जाऊ द्यायचे याचा हिशेब, या सगळ्यांवर हिची देखरेख असते.

हिचे शेजारी मोठे नाजूक आहेत. डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. डाव्या-उजव्या अंगाला मेंदूला रक्त देणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या आहेत आणि त्यांच्या लगत डोळा हलवणाऱ्या व चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसा आहेत. खाली मात्र हवेने भरलेली स्फेनॉइडची पोकळी आणि तिच्यापुढे नाक. तीन बाजूंना धोका आणि चौथ्या बाजूला तयार वाट, असा हा मामला आहे. नाकातून जाण्याचे खरे कारण हेच. सुंदर दिसावे किंवा टाका लपावा म्हणून ही वाट निवडलेली नाही. या वाटेने मेंदूला बाजूला सारावे लागत नाही.

घरात दिसणारी चिन्हे

पिट्युटरीच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात आणि हळूहळू वाढतात. त्यामुळे चिन्हे दिसतात, पण वर्षानुवर्षे कोणी त्यांची सांगड घालत नाही.

गाठ वर वाढली की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि नजरेच्या दोन्ही बाहेरच्या कडा विझतात. समोरचे अक्षर वाचता येते, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, दस्तरखानावर कडेला ठेवलेला ग्लास सांडतो. घरचे म्हणतात, धांदरटपणा वाढला. चष्मा बदलूनही फरक पडत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेच्या कडांची तपासणी करून घ्यावी.

वाढीचे हार्मोन जास्त होऊ लागले तर अंगठी बोटात शिरत नाही, चपलेचा नंबर वाढतो, जबडा रुंद होतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते. कॉर्टिसॉल वाढले तर चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, हातपाय बारीक राहून पोट सुटते, रक्तदाब आणि साखर चढते.

आणखी एक चिन्ह आहे, ज्याबद्दल आमच्या घरांत फार कमी बोलले जाते. बाळ नसताना किंवा दूध तोडून बराच काळ लोटल्यावर छातीतून दूध येणे आणि पाळी बंद होणे. लाजेपोटी सून हे सासूला सांगत नाही, मुलगी आईला सांगत नाही. मग मूल होत नाही म्हणून तिला बोल लावला जातो, ताविज बांधले जाते, दुसऱ्या निकाहाची भाषा निघते. यामागे प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनची छोटी गाठ असू शकते. रक्ताच्या साध्या तपासणीतून संशय येतो. थायरॉइडची कमतरता आणि काही औषधे यांमुळेही हे हार्मोन वाढते, म्हणून डॉक्टर आधी ते तपासतात. गाठच निघाली तरी बहुतेक जणींना ऑपरेशनची गरज पडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळीने गाठ लहान होते, पाळी सुरू होते आणि अनेकींना अल्लाहच्या कृपेने मूलही होते. पुरुषांतही ही गाठ होते. त्यांच्यात इच्छा मंदावते, वंध्यत्व येते आणि ते तर डॉक्टरकडे आणखी उशिरा जातात. शरीराच्या बाबतीत लाज राखणे वेगळे आणि आजार लपवणे वेगळे. दुआ जरूर करावी, दमही करून घ्यावा, पण त्यासाठी तपासणी पुढे ढकलू नये.

एक चिन्ह मात्र तातडीचे आहे. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि त्यासोबत नजर जाणे किंवा पापणी लटकणे. गाठीत रक्तस्राव झाल्याचे हे लक्षण असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

सर्जन कोणत्या खुणा पाहत जातो

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते आणि चित्र मोठ्या पडद्यावर दिसते. बहुधा कान-नाक-घसा सर्जन आणि न्यूरोसर्जन जोडीने काम करतात. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने दोन्ही हातांनी काम करायचे.

नाकाचा मधला पडदा एका बाजूला, बाहेरच्या भिंतीवरच्या मांसल कमानी दुसऱ्या बाजूला, आणि मधून दुर्बीण मागे सरकते. घशात उघडणारे नाकाचे मागचे दार ही पहिली खूण. तिथून साधारण दीड सेंटिमीटर वर स्फेनॉइड सायनसचे नैसर्गिक भोक असते. ते रुंद करून पोकळीत शिरले की मागच्या भिंतीवर सगळा नकाशा उघडा होतो. मध्ये खोगीराचा फुगवटा, दोन्ही बाजूंना कॅरोटिडचे उंचवटे, वर डोळ्यांच्या नसांचे उंचवटे, आणि त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये एक लहानसा खळगा. हा खळगा अनुभवी सर्जनला मैलाच्या दगडासारखा असतो. फुगवट्यावरचे अंड्याच्या टरफलासारखे हाड काढले, आतले आवरण उघडले, की गाठ समोर येते.

ऐकायला हे सोपे वाटते. अडचण अशी की हा नकाशा माणसागणिक बदलतो. कोणात स्फेनॉइडची पोकळी मोठी असते, कोणात अर्धवट, तर थोड्यांत ती जवळजवळ भरीव हाडाचीच असते. लहान मुलांत ती पुरती तयार झालेली नसते. पोकळीच्या आतली पातळ भिंत नेहमी मधोमध नसते. ती कधी तिरपी होऊन थेट कॅरोटिडच्या उंचवट्याला चिकटलेली असते. ती पिळून मोडली तर रक्तवाहिनी फाटू शकते. काहींत कॅरोटिडवर किंवा डोळ्याच्या नसेवर हाडच नसते, नुसता पातळ पापुद्रा असतो. म्हणून आधी सीटी स्कॅन हाडांसाठी आणि एमआरआय गाठ व नसांसाठी काढतात. दोन्ही तपासण्या कशाला, पैसे काढायला का, असे नातेवाईक विचारतात. त्या कशाला हे आता लक्षात यावे. एक तपासणी भिंती दाखवते, दुसरी भिंतीमागे कोण उभे आहे ते दाखवते.

पाहिल्याशिवाय विश्वास नाही

या वाटेची ओळख माणसाला फार जुनी आहे. प्राचीन मिसरमध्ये मृतदेह टिकवताना नाकाच्या छतातून आकडा घालून मेंदू काढत. पण जिवंत माणसाच्या या जागेबद्दल शतकानुशतके चुकीचा समज होता. ग्रीक वैद्य गॅलेनच्या मते मेंदूतला कफ पिट्युटरीवाटे गळून नाकात उतरतो. ‘पिट्युटरी’ हे नावच कफासाठीच्या लॅटिन शब्दावरून आले. सतराव्या शतकात जर्मनीतील श्नायडरने दाखवले की शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो, मेंदूतून येत नाही.

थोरामोठ्यांचे म्हणणे डोळ्यांनी तपासून घेण्याची रीत मुस्लिम वैद्यांतही होती. सुमारे १२०० साली मिसरमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा तिथे असलेल्या अब्दुल लतीफ अल-बगदादी यांनी हाडांचे ढीग तपासले. गॅलेनने खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता. यांना प्रत्येक कवटीत तो एकाच हाडाचा दिसला आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. त्यांच्या आधी दोन शतके कुर्तुबाच्या अल-झहरावी यांनी ३० भागांचा ‘अत-तस्रीफ’ लिहिला होता. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे आहेत आणि हत्यार हाती घेण्याआधी शरीररचना शिकलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ पहिल्यांदा काढली ती १९०७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हर्मन श्लोफर यांनी. त्यासाठी त्यांना नाक बाहेरून उघडावे लागले होते. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ओठाखालून जाऊन २०० हून अधिक रुग्णांवर हे ऑपरेशन केले आणि नंतर मात्र ते कवटी उघडण्याकडे वळले. खोल अरुंद जागेत पुरेसा उजेड नव्हता, ही या वाटेची मोठी अडचण होती. एडिनबर्गचे नॉर्मन डॉट यांनी ही वाट सोडली नाही. त्यांच्याकडून पॅरिसचे गियो शिकले आणि गियोंकडून माँट्रियलचे हार्डी. हार्डींनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणला. पुढे हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे दुर्बिणी स्वच्छ दिसू लागल्या आणि १९९७ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या जो आणि कराऊ यांनी नुसत्या दुर्बिणीने केलेल्या ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

आजचे सर्जनही ही वाट आधी मृतदेहावर शिकतात. देहदानाबाबत उलमांत मतभेद आहेत आणि त्यात निवाडा देणे आमचे काम नाही. पण ज्यांच्या देहावर आपला सर्जन शिकला, त्यांचे आपल्यावर ऋण आहे, एवढे तरी आपण मानावे.

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

डॉक्टरांना विचारण्यात बेअदबी नाही. कागदावर लिहून न्यावे: ही गाठ औषधाने जाईल का, नुसती नजर ठेवून चालेल का? असे ऑपरेशन इथे नेहमी होते का? सोबत हार्मोनचे डॉक्टर आहेत का? डोळ्यांची आणि हार्मोनची तपासणी आधी झाली का? गाठ पूर्ण निघेल की काही भाग रक्तवाहिनीजवळ ठेवावा लागेल? वास घेण्याच्या शक्तीवर परिणाम होईल का? खर्चाला सरकारी योजना लागू आहे का? मुंबईच्या केईएमसारख्या पालिका रुग्णालयातही असे ऑपरेशन होते, तेव्हा घर गहाण टाकण्याआधी तिथे चौकशी करावी.

आणखी एक प्रश्न आमचे वाचक विचारायला संकोचतात. मेंदूचे आवरण बंद करताना काय वापरणार? पुष्कळदा रुग्णाच्याच मांडीची चरबी किंवा पातळ पापुद्रा वापरतात. मोठे छिद्र असेल तर नाकाच्या पडद्यावरचे अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून त्यावर बसवतात. ही युक्ती २००६ साली अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी पुढे आणली आणि तिच्यामुळे पाणी गळण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. काही तयार पट्ट्या मात्र गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनतात. ज्यांना चिंता वाटते त्यांनी आधीच विचारावे, पर्याय बहुधा असतो.

वुजू, सज्दा आणि रोजा

ऑपरेशननंतरचे काही आठवडे ते बुजवलेले छिद्र भरून येत असते. त्या काळात नाक शिंकरायचे नाही, वजन उचलायचे नाही, खाली वाकायचे नाही, शौचाला जोर करायचा नाही. बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टरांकडून औषध मागून घ्यावे. शिंक आली तर रुमाल धरावा, पण नाक दाबून शिंक अडवू नये, तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. अडवलेल्या शिंकेचा दाब थेट त्या टाक्यावर जातो.

इथे आमच्या घरांतला खरा प्रश्न उभा राहतो. वुजूत नाकात पाणी ओढून शिंकरणे आणि सज्द्यात डोके जमिनीला टेकवणे, या दोन्ही गोष्टी या दिवसांत नुकसान करू शकतात. वुजूत नाकात पाणी घेणे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत सुन्नत आहे, आजारात ते सोडता येते. गुस्लमध्ये हनफी मसलकात ते फर्ज आहे, पण खऱ्या उज्रासाठी शरीयतने सवलत ठेवली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून आणि तेही नसेल तर पडून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा खुद्द प्रेषितांनी (स.) दिली आहे. तेव्हा खुर्चीवर बसून इशाऱ्याने सज्दा करावा. नेमका मसला आपल्या मौलानांना विचारावा आणि किती आठवडे हे सर्जनला. दिलेली सवलत न घेता जिद्दीने सज्दा करून टाका उसवून घेणे म्हणजे परहेजगारी नव्हे.

रोजाचेही तसेच. पिट्युटरी कमी पडू लागल्याने ज्यांना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज लागते, त्यांनी रमजानच्या आधीच हार्मोनच्या डॉक्टरांना भेटावे. ही गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ताप, उलट्या किंवा जुलाब झाले तर डोस वाढवावा लागतो, तो कसा वाढवायचा हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवे. हज-उमराहला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत आणि आजाराची चिठ्ठी सोबत असावी.

ही चार चिन्हे लिहून लावा

घरी आल्यावर पुढील गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

एक, वाकल्यावर नाकातून किंवा घशात स्वच्छ पाण्यासारखे गळणे. ते सर्दीचे पाणी नसून मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. सोबत ताप, मान आखडणे किंवा उजेड सहन न होणे असेल तर तासही वाया घालवू नये.

दोन, सारखी तहान आणि पाण्यासारखी भरपूर लघवी. पुष्कळदा हे तात्पुरते असते, पण औषध लागते.

तीन, साधारण आठवड्याच्या सुमारास डोकेदुखी, मळमळ, गुंगी. रक्तातले सोडियम उतरलेले असू शकते. अशक्तपणा आहे, झोपू द्या, असे म्हणून स्वस्थ बसू नये.

चार, नाकातून भळभळा रक्त येणे किंवा नजर अंधुक होणे.

पहिले काही आठवडे नाक बंद राहणे, खपल्या पडणे, वास न येणे हे मात्र अपेक्षित असते. नाक धुण्याची परवानगी मिळाली की मिठाचे पाणी उकळून गार केलेल्या पाण्यातच करावे.

सर्जनचा नकाशा काही तासांचा असतो. त्यानंतर त्या जागेची राखण घरच्यांच्या हाती येते. अम्मी वाकून खालचे भांडे उचलणार नाहीत, याची काळजी मुलांनी घ्यायची. अब्बूंच्या गोळीची वेळ सुनेने लक्षात ठेवायची आणि मुलीने पाळीची तक्रार सांगितली तर आईने कान द्यायचा. इलाज करणे आपल्यावर आहे आणि शिफा अल्लाहच्या हाती आहे. आपल्या वाट्याचे काम नीट समजून करावे, एवढेच आमचे सांगणे.